पुसलेली लस

सूक्ष्मदर्शकातून मी आयुष्यात पहिल्यांदा जे पाहिले ते आमच्या बोर्डिंगमधले दही होते. सांगलीच्या कॉलेजात मी इंटर सायन्सला होतो. जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी कुणीतरी ताजे दही घेऊन या असे सांगितले होते. वर्गातल्या बहुतेकांची घरे गावातच होती, पण दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन गेलो तो मी एकटाच. प्राध्यापकांनी दह्याचा पुसट थर काचेवर पसरला, ज्योतीवरून दोनतीनदा फिरवून वाळवला, त्यावर निळा रंग ओतला आणि धुतला. मग तेलाचा थेंब टाकून नळी खाली आणली आणि म्हणाले, "तुमचे दही आहे, तुम्हीच आधी पाहा."

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग निळ्या बारीक काड्या दिसल्या. काही सुट्या, काही एकापुढे एक जोडलेल्या. प्राध्यापक सांगत होते की रंग घालीपर्यंत यातली काडीन् काडी जिवंत होती. प्रत्येक काडी म्हणजे एकच पेशी, एक पूर्ण जीव. ती खाते, वाढते, लांब होते, मधोमध चिमटते आणि एकीच्या दोन होतात. ऊब आणि अन्न मिळाले तर काही जंतूंना याला वीस मिनिटेही पुरतात. आई दुधाला विरजण लावते आणि सकाळी घट्ट दही लागलेले असते, ते यांचे काम.

बाकीच्या मुलांनी गंमत म्हणून पाहिले. मी मात्र भ्यालो. वीस मिनिटांत दोन, चाळीस मिनिटांत चार, असा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करीत गेलो आणि पान संपले. दह्यातले जंतू उपकारी असतात हे मला सांगितले होते, पण पटकीचे, विषमज्वराचे, जखम पिकवणारे जंतूही असेच एकाचे दोन होतात हेही सांगितले होते. मी ज्या घरातून आलो तिथे आम्ही सगळे एकाच तांब्याने पाणी प्यायचो, आणि तो तांब्या मी आता आठवणीतसुद्धा हातात धरू शकत नव्हतो.

आमचे गाव तासगावपासून तीन कोसांवर. घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिले नव्हते. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. सही करण्यापुरते आणि पत्र लिहिण्यापुरते त्यांना पलटणीने शिकवले होते. शिक्षणावर त्यांची जी श्रद्धा होती ती पाहून मला कधी कधी भीती वाटे, कारण मला किती थोडे कळते हे त्यांना माहीत नव्हते. मी सुट्टीला गेलो की आबा माझ्यासमोर मोठ्याने बोलत नसत.

त्या दिवाळीला मी घरी गेलो तो टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊनच. जंतू मारायला याच्यासारखे दुसरे काही नाही असे प्रयोगशाळेत ऐकले होते. घरी जाताच मी पिण्याचे पाणी उकळायला लावले. आईने दोन दिवस उकळले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आवं सायेब, सरपन काय सांगलीवनं आनलंय व्हय?" मग मीच चुलीपाशी बसू लागलो. सहा वर्षांची बहीण माझ्या शेजारी बसून पाण्यात जंतू मरताना दिसतात का ते पाहायची.

या बहिणीला देवी काढलेल्या नव्हत्या, म्हणजे देवीची लस टोचलेली नव्हती. तिच्याआधीची दोन भावंडे लहानपणीच गेली होती. देवी काढणारा गावात आला की आई तिला धान्याच्या कणगीच्या मागे बसवायची आणि पोर मामाकडे गेली म्हणून सांगायची. सुईने ताप येतो, तापाने पोर जाते, एवढे तिला ठाऊक होते. आबांनी पलटणीत शेकडो जणांना दंड टोचून घेताना पाहिले होते, पण या एका बाबतीत ते आईपुढे बोलत नसत.

त्या दिवाळीत देवी काढणारा आला तेव्हा मी घरात होतो. मी आईला समजावले. माझ्या कॉलेजाचे वजन मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरले. शेवटी आई म्हणाली, "तू म्हनतुयास म्हनून." तिने स्वतः पोरीला कणगीमागून काढून आणले.

देवी काढणारा शिराळ्याकडचा होता, वयस्क, बोलका. आई दाराआडून पदर तोंडाला लावून बघत होती, ते पाहून तो म्हणाला, "वैनी, आमच्याकडं नागपंचमीला बाया जित्या नागाला ववाळत्यात, आन् तुमी सुईला भ्यायलाय." आई हसली नाही. त्याने काचेच्या केसासारख्या बारीक नळीतून लशीचे थेंब बहिणीच्या दंडावर चार ठिकाणी सोडले आणि टोकदार हत्याराने तिथली कातडी ओरबाडली. त्याआधी ते हत्यार त्याने धोतराच्या सोग्याला पुसले. ते मी पाहिले. त्या सोग्यावर काय काय असेल ते मला डोळ्यांपुढे दिसू लागले, निळ्या काड्या, साखळ्या, एकाचे दोन.

जाताना तो मला म्हणाला, "वाळू द्या हं. पुसायचं न्हाई, काय लावायचं न्हाई." मी मान हलवली.

तो वळणावर दिसेनासा होताच मी बाटली काढली. कापसाचा बोळा टिंक्चरमध्ये बुडवून मी चारही जागा चोळून पुसल्या, दोनदा. बहीण ओरडली. मी तिला सांगितले की वाईट जंतू मरताहेत म्हणून झोंबते. आईने विचारले, तो तर पुसू नका म्हणाला ना? मी म्हणालो, त्याला जंतूंचे काय माहीत. हे वाक्य मला अजून जसेच्या तसे ऐकू येते.

मी सांगलीला परतलो. पंधरा दिवसांनी आबांचे पत्र आले. चारही जागी खपली धरली होती. देवी काढणारा तपासायला आला, ओट्यावरून त्याने दंड पाहिला, वहीत लिहिले आणि पुढच्या गल्लीत गेला. पोरीला ताप आला नाही, तुझ्या औषधाचा गुण, असे आबांनी लिहिले होते. मी ते पत्र ट्रंकेत जपून ठेवले.

जानेवारीत प्राध्यापकांनी नवा धडा काढला. इतके दिवस आपण पाहिले ते जंतू सूक्ष्मदर्शकात दिसतात, असे म्हणून त्यांनी तंबाखूचे एक पान वर धरले. कुणीतरी निपाणीकडून आणले होते. पानावर फिकट आणि गडद हिरवे ठिपके पडले होते. अशा पानाचा रस चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला तर जंतू वर अडकतात आणि खाली निवळ रस येतो. त्या रसात सूक्ष्मदर्शकाला काहीही दिसत नाही. तरी तो निरोगी पानावर चोळला की ते पान आजारी पडते. म्हणजे गाळणीतून काहीतरी पार झालेले असते. त्याला व्हायरस म्हणायचे. तो दह्यातल्या काडीसारखा स्वतः खात नाही आणि स्वतः वाढत नाही. त्याला पोषक रसात ठेवले तर तो नुसता पडून राहतो. जिवंत पेशीत शिरला की मात्र तिच्याकडून आपल्यासारखे दुसरे करून घेतो. पेशी फुटते, ते शेजारच्या पेशीत जातात. तो जिवंत म्हणायचा की नाही यावर अजून विद्वानांचे एकमत नाही, असे ते म्हणाले.

मग ते देवीच्या रोगावर आले. तोही व्हायरसचा. त्याची लस वासराच्या कातडीवर वाढवतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवतात. ग्लिसरीनमध्ये कातडीवरचे इतर जंतू हळूहळू मरतात, पण हा व्हायरस टिकतो. तो टिकायलाच हवा. लशीतला व्हायरस दंडाच्या पेशींत शिरून वाढला, फोड आला, तरच शरीर तयार होते. प्राध्यापक खडू खाली ठेवता ठेवता सहज म्हणाले, "म्हणून टोचल्यावर तिथे स्पिरिट, आयोडीन काही लावायचे नसते. लस जागीच मरते, आणि माणूस समजतो की आपण सुरक्षित आहोत."

मी ते वहीत लिहून घेतले. अक्षरही वाकडे आले नाही. नंतर प्रयोगशाळेच्या मागच्या नळावर जाऊन तोंड धुतले आणि तिथेच उभा राहिलो.

मी लगेच घरी का गेलो नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. खपली तर धरली होती, असे मी स्वतःला सांगत होतो. वहीत नोंद झाली होती. पण ओरबाडलेली कातडी टिंक्चरने भाजते आणि भाजलेल्या जागीही खपली धरते, हे मला माहीत होते. ताप आला नाही हे आबांनी आनंदाने लिहिले होते, आणि आता त्याच ओळीची मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. मी पत्र लिहायला बसायचो, 'तीर्थरूप आबांस' एवढे लिहायचो आणि थांबायचो. आबांनी मला शिकायला पाठवले तेच चुकले, असे मला माझ्या हाताने लिहावे लागणार होते. असे तीन आठवडे गेले.

मग आमच्या गावचा एक शेतकरी हळद घेऊन सांगलीच्या पेठेत आला आणि आईने दिलेल्या भाकऱ्या पोचवायला बोर्डिंगवर आला. गावची खबर सांगता सांगता त्याने आवाज उतरवला आणि हात जोडून म्हणाला, "आईसायेब आल्यात गावात." आमच्या भिंतीला भिंत लागून चुलत्यांचे घर आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावर देवीचे फोड दिसून पाच दिवस झाले होते. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले होते, घरात फोडणी बंद होती, बाहेरचे कुणी आत जात नव्हते.

मी बहिणीचे विचारले.

"ती व्हय? तिला कशाचं भ्या, तिला तू टोचून घेतलंयस की. तीच तर जातीया दूध आन् लिंबाचा पाला द्यायला. तुझी आय म्हनती, पोराच्या शिक्शनाचं चीज झालं."

त्याच्या हातातून भाकऱ्या घेतल्या की नाही ते आठवत नाही. मी चालत प्राध्यापकांच्या घरी गेलो. ते दारातच उभे होते. मी सगळे सांगितले, मराठीत आणि मधेच इंग्रजीत, मागचे पुढे करून. ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी फक्त विचारले, ती रोग्याजवळ कधीपासून जाते. मग म्हणाले की लशीचा व्हायरस देवीच्या व्हायरसपेक्षा लवकर काम करतो. संपर्कानंतर दोनतीन दिवसांत टोचले तर बहुधा रोग येतच नाही. पाच दिवस म्हणजे उशीर झाला आहे, पण अजून उपयोग होईल. "पुन्हा टोचा. आजच निघा." मी पायरी उतरल्यावर त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "आणि घरी खरे सांगा, नाहीतर ते टोचू देणार नाहीत."

युद्धाचे दिवस होते. तासगावची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढावर ती थांबली की आम्ही उतरून ढकलायचो. पुढचे तीन कोस मी पायी गेलो. घरी पोचलो तेव्हा बहीण ओट्यावर उसाचे कांडे सोलत बसली होती. मला पाहून ती धावत आली. मी मागे सरलो. जंतूंच्या भीतीने नव्हे, तिचे अंग तापले आहे का ते कळेल या भीतीने. मग मी तिला उचलले. अंग थंड होते.

आबा गोठ्यात होते, आई भाकरी थापत होती. आत्ताच्या आत्ता पोरीला तासगावला नेऊन पुन्हा टोचायचे, असे मी सांगितले तेव्हा आईचे हात परातीत थांबले. गावात देवी बसलेली असताना अंगाला सुई लावायची नाही, ती कोपते, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. आई तेच म्हणाली. आणि म्हणाली, टोचलंय की एकदा, तूच टोचून घेतलंस.

"आई, ते मी पुसलं," मी म्हणालो. "त्या औषधानं लस मेली. तिला टोचल्यासारखंच नाही."

आईला आधी अर्थ कळला नाही. मग तिने भिंतीकडे पाहिले, पलीकडे चुलत्यांचे घर होते तिकडे. सकाळीच तिने पोरीला दूध देऊन तिकडे पाठवले होते. ती पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि पोरीजवळ जाऊन तिचे तळवे उघडून पाहू लागली, जणू तिथे काही दिसणार होते.

आबा गोठ्याच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी मला एकच विचारले, "तवा कळलं न्हवतं, का कळूनबी गप बसलास?"

"तवा नव्हतं कळलं. तीन आठवड्यांमागं कळलं."

ते वळले आणि गाडीला बैल जुंपू लागले. आईने देवीच्या तांदळ्यापुढे, शेंदूर लावलेल्या दगडापुढे, हळद-कुंकू वाहिले, डोके टेकले, पोरीला माझ्या घोंगडीत गुंडाळले आणि गाडीत बसवून स्वतःही बसली. तासगावपर्यंत आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

दवाखान्यात तोच शिराळ्याचा माणूस होता. त्याने उजेडात बहिणीचा दंड धरला आणि चार खुणांवरून अंगठा फिरवला. खुणा गुळगुळीत होत्या, चकाकणाऱ्या. देवीचा व्रण खोल असतो, त्याला आतून बारीक खळगे असतात. हे त्याने आपली बाही वर करून दाखवले.

"ह्या भाजल्याच्या खुना हायत. काय लावलं हुतं?"

"टिंक्चर."

"कुनी?"

"मी."

त्याने दंड सोडला आणि तो म्हणाला, "मीबी वट्यावरनंच बघून लिवलं. हात लावून बघाय पायजे हुतं." त्याने नवी नळी फोडली. या वेळी त्याने हत्यार दिव्यावर धरून गार होऊ दिले. ते त्याने माझ्यासाठी केले की काय, कोण जाणे. टोचून झाल्यावर आईने स्वतः तो दंड उघडा धरला, लस वाळेपर्यंत, माशीसुद्धा बसू न देता.

त्यानंतरचे दिवस मी कॉलेजात गेलो नाही. रोज सकाळी ओट्यावर बहिणीला बसवून मी दंड पाहायचो. तिच्या आत दोन व्हायरस असतील आणि दोन्ही तिच्याच पेशींकडून आपल्यासारखे करून घेत असतील, एक तिला वाचवायला आणि एक मारायला, आणि मला दोन्हींतला एकही दिसत नव्हता. निदान काड्या तरी दिसल्या असत्या, असे वाटे. चौथ्या दिवशी चारही जागी लाल गाठी आल्या. आई आनंदली. मीही आनंदलो आणि त्याच क्षणी आतून खचलो. आधीची लस लागू झालेली असती तर शरीराने ही लस लवकर परतवली असती. गाठी आल्या आणि वाढल्या, याचा अर्थ ती पहिली लस मी खरोखरच मारली होती. सातव्या दिवशी मोत्यासारखे फोड आले, मधोमध खळगी पडलेले. तोवर मनात कुठेतरी आशेची जी फट ठेवली होती ती बुजली.

आठव्या दिवशी तिला ताप भरला.

लशीनेही ताप येतो. देवीनेही येतो, आणि दिवस दोन्हीचे जुळत होते. तीन दिवस मला काही कळले नाही आणि ते मी कुणाला सांगितलेही नाही, कारण आई प्रत्येक तासाला माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या भुवईवर एक आणि मनगटावर दोन फोड दिसले. आईने तोंडावर पदर घेतला. आबांनी उठून दाराला लिंबाचा डहाळा लावला. पलटणीत राहिलेला माणूस, पण त्यांनी लावला, आणि मी तो आणून दिला होता.

आम्ही वाट पाहिली. चौथा फोड आला नाही. ताप उतरला. ते तीन फोड मोठे होण्याआधीच वाळले आणि बहिणीने भाकरी मागितली. चुलत्यांचा मुलगाही वाचला, पण त्याचा उजवा डोळा गेला. तो आता मोठा झाला आहे आणि मी गावी गेलो की माझ्याकडे एका डोळ्याने पाहून हसतो. त्याला टोचायचे त्या दिवाळीत मी सुचवलेही नव्हते. मी फक्त आमच्या घराचा विचार केला होता.

बहिणीच्या भुवईवर एक वण राहिला आहे. तिचे केस विंचरताना आईचा हात तिथे येतो आणि पुढे जातो. त्याबद्दल ती मला कधी बोलली नाही. आबा आठवडाभराने बोलू लागले, पण सुट्टीत गेलो की आता माझ्यासमोर पूर्वीसारखे आवाज उतरवत नाहीत, आणि मला ते बरे वाटते.

टिंक्चरची बाटली मी फेकून द्यायला निघालो होतो. आईने ती भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. उन्हाळ्यात बैलाच्या खांद्याला जू लागून जखम झाली, तेव्हा तिने ती बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि विचारले, "हे जनावराला लावलं तर चालंल का रं?"

बहुतेक चालेल, असे माझ्या तोंडावर आले होते. मी म्हणालो, "मला ठाऊक नाही. विचारून सांगतो." तिने बूच घट्ट लावून बाटली परत देवळीत ठेवली आणि मी जनावरांच्या डॉक्टरकडे तासगावला जायला निघालो.